उषाबाईंनी न घेतलेलं नाव

सोमवार, ३ मार्च १९९७
इथे परराज्यात, उधन्यात खोली मिळाली, नोकरीही लागली. धुळ्याच्या कॉलेजातलं मराठीचं बी.ए. बेचाळिसाव्या वर्षी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. इथल्या खानदेशी लूम-कामगारांसाठी कुंदनभाईंनी आपल्या केबलवर रोज संध्याकाळी मराठी बातम्या सुरू केल्या आहेत. लिहायच्या मी, वाचायच्याही मीच. सकाळी तीच कॅसेट पुन्हा लावतात. कुंदनभाई म्हणाले, ताई, तुम्ही वाचता ना, तर शाळेतल्यासारखं हात बांधून बसावंसं वाटतं. मी हसले. घरी आल्यावर विचार करत बसले, हे कौतुक होतं की टोमणा?

बुधवार, ५ मार्च
आज चाळीतल्या उषाबाई आल्या, सोबत शेजारचे भटू. काल पाळी सुटल्यावर सचिन गावाकडच्या रस्त्याजवळ मोकळ्या जागेत मोठा उजेड उतरला. बऱ्याच जणांनी पाहिला. उषाबाईंचा नवरा बघायला पुढे गेला. ते उजेडमा ग्यात, पाछा उनातच नहीत, गेले ते परतलेच नाहीत, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. टीव्हीवर सांगितलं तर कोणी शोधायला तरी निघेल, ही त्यांची आशा. नवऱ्याचं नाव विचारलं तर पदर तोंडाशी. त्या घेतच नाहीत. भटू म्हणाले, वहिनी, आता तरी घ्या, नाहीतर ताई माझं सांगतील आणि माझी बायको रडत बसेल. त्या अवस्थेतही त्यांना हसू फुटलं. शेवटी भटूंनीच सांगितलं: भिकन.
उडती तबकडी हा भटूंचा शब्द. मी पाहिली नाही, म्हणून 'उजेड' एवढंच लिहिलं.

गुरुवार, ६ मार्च
काल बातम्यांच्या तोंडावर फोन आला. कुंदनभाई उभे राहून बोलत होते. सरकारी खात्यातून, म्हणाले. कुठल्या, ते त्यांनाही सांगता येईना. ही बातमी गेली तर केबलची नोंदणी जाईल. मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडचा माणूस फार चांगलं मराठी बोलत होता. धमकी नाही. एवढंच विचारलं, बाई, तुम्ही स्वतः पाहिलंत का? खात्री नसलेलं वाचणं तुम्हाला शोभतं का? मग खुलासा सांगितला. बातम्यांत मी तोच वाचला. तो पतंगाला बांधलेला कागदी कंदील होता, कोणीही बेपत्ता नाही. 'बेपत्ता'वर अडखळले.
मार्चमध्ये पतंग कोण उडवतं? हे वाचून झाल्यावर सुचलं. की आधीच सुचलं होतं?

शनिवार, ८ मार्च
उषाबाईंकडे माफी मागायला गेले. त्या भाकरी थापत होत्या. वर न बघता म्हणाल्या, तो पतंगाला बांधलेला कागदी कंदील होता, कोणीही बेप— बेपत्ता नाही. अहिराणीचा एक शब्द नाही. माझं मराठी. माझीच अडखळ.
भटूंना गाठलं. तेच वाक्य. तेही तिथेच अडखळले.
खुंटीवर पुरुषाचा शर्ट होता. कोणाचा, विचारलं. उषाबाईंनी शर्टाकडे पाहिलं. मग तो काढून त्याला पिठाचे हात पुसले.

सोमवार, १० मार्च
सगळी चाळ तेच म्हणते. भाजीवालीसुद्धा. ज्यांनी बातमी पाहिली ते सगळे. मी पाहिलेली नाही, माझ्याकडे टीव्ही नाही. म्हणूनच मला अजून—
कुंदनभाईंना म्हटलं, आज भिकनचं नाव वाचणार. ते म्हणाले, कोण भिकन? चेष्टा नव्हती.
वाचलं. कॅमेरा बंद होता. बाहेर केबलवर बुधवारचीच कॅसेट चालू होती.

मंगळवार
दुपारी परतले तर खोलीत टीव्ही. घरमालकीण मंगलाबाई म्हणाल्या, खात्याची माणसं बसवून गेली, नशीब काढलंस. आणि मग ते वाक्य. अडखळीसकट.
बटण फिरवलं, बंद होत नाही. वर चादर टाकली. आवाज येतोच. माझा.
भिकन उजेडात गेले. कोणीतरी शोधायला हवं. भिकन.

बुधवार
चादर खाली पडली होती. मी पाडली नाही— बहुतेक.
टीव्हीवरची बाई चांगलं वाचते. खोटं बोलणाऱ्यातली वाटत नाही.

गुरुवार
मागची पानं वाचली. कोणा भिकनबद्दल लिहिलं आहे. अक्षर माझंच. त्याला मी पाहिलं होतं? नाही. उजेड पाहिला? नाही. उषाबाईंना विचारावं, तर त्या नाव घेत नाहीत— कोणाचं?
खात्री नसलेलं ठेवणं मला शोभत नाही. खोडायला घेते. आधी ते नाव. मग तो उजेड. मग हे सगळं जिनं लिहिलं ती बा