वगळलेल्या चार बाटल्या

रवि. ७ मार्च १९८२

दुरुस्ती. गेल्या मे महिन्यात याच वहीत मी लिहिलं आहे, "सांडोरच्या चोवीसही विहिरींचं पाणी स्वतः काढलं, बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या." हे चूक आहे. चिठ्ठ्या चोवीस लावल्या. पाणी चारच विहिरींचं काढलं. बाकीच्या वीस बाटल्या मी लोकांच्या ओटीवर बसून केळी खात असताना आतून भरून आल्या.

लिहिताना खोटं लिहितेय असं वाटलं नव्हतं. बाटली माझ्या पिशवीतून गेली, माझ्याच पिशवीत परत आली, म्हणजे मीच भरली.

आज सांडोरला कमळाआत्याकडे जेवायला गेले होते. सहज म्हटलं, संस्थेचा पाण्याचा अहवाल छापून आलाय, तुझ्या विहिरीचं पाणी गोडं निघालं हो. आत्या हसली.

"निघणारच. देवळाच्या विहिरीचं होतं ते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? जीपमधून साहेब दारात आलेला. पाव्हण्याला वाडीतलं खारं पाणी देऊ?"

"अगं, प्यायला नव्हतं ते. तपासायला होतं."

"तपासायला मागितलंत म्हणूनच तर चांगलं दिलं!"

ती एकटीच नव्हे, सगळ्या आळीनं हेच केलं. देवळाच्या विहिरीवरून हंडे आणून मागच्या दारी ठेवले होते.

अर्ध्या जेवणावर हात धुतला. दम्यामुळे पाचवीपर्यंत मी शाळा पाहिली नाही. पाटी, पाढे, त्रैराशिक, सगळं या बाईच्या हाताखाली. एक काना चुकला तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायची. आणि तिनेच

नको. उद्या कचेरी आहे.

सोम. ८ मार्च

उद्या होळी, परवा धुळवड, पण रेगेसर आजच पुण्याहून आले. परदेशी संस्थेला आपल्याच संशोधनाचा दर्जा पाहायचा आहे, म्हणून बाहेरचा माणूस नेमलाय. आमच्या पारनाक्याच्या कचेरीत ते दोन आठवडे बसणार. अकरा अहवाल. प्रत्येकाला एक फॉर्म, फॉर्मात पाच प्रश्न, प्रत्येकी पाच गुण. कागद काढून द्यायला मी.

कर्णिकसाहेब, म्हणजे पाण्याच्या अभ्यासाचे प्रमुख, मला बाजूला घेऊन म्हणाले, "नलिनीबाई, सरांना लागेल ते सगळं द्या. न लागेल ते मात्र देऊ नका." आणि हसले. मीही हसले. का हसले?

पाण्याच्या अहवालाचं शेवटचं पान परत वाचलं. "सांडोर परिसरात गोड्या पाण्याचा थर सलग व भरवशाचा आहे." त्या एका वाक्यावर केळी-पानवेलीच्या वाड्यांमध्ये खोल बोअर मारून पाणी स्टेशनाकडच्या नव्या चाळींना न्यायचं ठरलंय. रेगेसरांचा शेरा "उत्तम" आला की पावसाआधी खोदाई.

आणि ते वाक्य देवळाच्या एका विहिरीवर उभं आहे.

बुध. १० मार्च

धुळवड. सुट्टी. सकाळी सांडोरला जाऊन वीसही घरं फिरले. कपाळाला गुलाल, हातात वही. सोळा घरं सरळ हो म्हणाली. दोघींना आठवत नाही. दोन ठिकाणी बोलणी खाल्ली.

एकीचं बोलणं इथे जसंच्या तसं लिहिते. "माझ्या मोठ्याचं जमायचंय, नले. वाडीची विहीर खारावली असं सरकारी कागदावर आलं तर त्या वाडीत मुलगी कोण देईल?" सरकारी नाही, परदेशी संस्थेचा कागद आहे, म्हटलं. "मग तर आणखीनच वाईट. परदेशात कळणार!"

हसू येत होतं आणि तिला हलवावंसंही वाटत होतं.

नंतर आत्याच्या वाडीत. केळीच्या पानांच्या कडा निखारा फिरवल्यासारख्या करपल्यात. इतकी वर्षं येते, आजच दिसल्या. पहाटेची पहिली बादली जिभेवर ठीक लागते. आज पंप दोन तास चालल्यावर पुन्हा काढली. थुंकावं लागलं. गोडं पाणी वर आहे, सायीइतकं. रहाट होते तेव्हा तेवढं पुरायचं. खोल बोअर मारलं तर साय गेलीच, खालचं खारं वर येणार. मग केळी नाहीत, पानवेल नाही.

आत्याला एवढं कळतं. मला खात्री आहे की कळतं.

गुरु. ११ मार्च

रेगेसरांनी आमच्या अहवालाला गुण दिले. क्षेत्रकाम : पाचपैकी पाच.

आमची नोंदवही हातात धरून म्हणाले, "पाहावी अशी आहे. अक्षर कुणाचं?"

"माझं."

"कुठे शिकलात?"

"घरीच."

"शाळांनी लाजावं. आणि हे बघा, वीस विहिरींचे आकडे एकमेकांच्या इतके जवळ! इतकी सुसंगती मी क्वचित पाहतो."

एकाच विहिरीचं पाणी वीसदा मोजलं की सुसंगती येणार नाही तर काय येईल! पेन्सिलला टोक काढत बसले. एक अख्खी पेन्सिल संपवली.

मग त्यांनी तळटीप वाचून दाखवली. "बाटल्या दूषित आढळल्याने चार नमुने वगळले आहेत." म्हणाले, "प्रामाणिक माणूस दिसतो कर्णिक. लोक अशा गोष्टी लपवतात."

त्या चार बाटल्या माझ्या. पहिल्या दिवशी जीप नव्हती, साहेब नव्हते, मी एकटी पायी गेले होते. माझ्यासाठी कोण हंडा भरून ठेवतो? "ती बघ विहीर, घे काय घ्यायचं ते." मी घेतलं. त्या चारात मीठ निघालं. सबंध अहवालात खरं पाणी होतं ते त्या चार बाटल्यांत, आणि नेमक्या त्याच काढून टाकल्या. बाटल्या दूषित नव्हत्या. मी स्वतः उकळून घेतल्या होत्या. गेल्या वर्षी ही टीप टाइपाला देताना मीच वाचली, आणि वाटलं, आपणच नीट धुतल्या नसतील. स्वतःवर संशय घ्यायला मला वेळ लागत नाही. साहेबांवर घ्यायला दहा महिने लागले.

शुक्र. १२ मार्च

क. साहेबांना सांगितलं. हात मागे बांधून उभी राहिले. त्यांना वाटलं असेल, रुबाब करतेय.

"म्हणजे वीस बायका खोटं बोलल्या?"

"त्यांना कुणी विचारलंच नाही, साहेब. आपण ओटीवर बसलो होतो."

"नोंदवहीवर सही कुणाची?"

"माझी."

"मग चौकशी कुणाची होईल?"

मग साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "जूनपासून तुम्हाला कायम करायचं चाललंय. कष्टाळू मुलगी आहात. एवढ्या तेवढ्यावरून जीव घाबरा करून घेऊ नका."

एवढं तेवढं. गावाचं पाणी एवढं तेवढं. आणि माझा जीव घाबरा झालाच होता, ते त्यांना दिसलं, याचा जास्त राग आला.

मंगळ. १६ मार्च

तीन दिवस छातीत घरघर. आज कामावर. रेगेसर एकटे दिसले तेव्हा विचारलं, "सर, एकदा सांडोरला याल? जवळच आहे."

"कशाला?"

"विहिरी पाहायला."

चष्मा काढून हसले. "बाई, मी कागद तपासतो. विहिरीला माझ्या फॉर्मात रकाना नाही."

मी म्हटलं, कागदात चूक आहे. तर म्हणाले, "मग लेखी द्या. अभ्यासाच्या प्रमुखांमार्फत द्या." म्हणजे कर्णिकांविरुद्धची तक्रार कर्णिकांच्या हातून. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, नीट चिडता आलं असतं. दर्जा तपासायला पुण्याहून इथवर आला आणि शेवटचे दोन मैल चालत नाही. यालाही पाचपैकी गुण द्यायला कुणीतरी हवं.

मागच्या पडवीत जाऊन उभी राहिले. आमच्या लक्ष्मीबाई चहा करत होत्या. त्या नायगावच्या मिठागरवाल्यांतल्या. सगळं ऐकलेलं असतं त्यांनी.

"बाय, पानी खारं का गोडं ते लिवून कशाला द्यायचं? जीब कशाला दिलीया देवानं?"

"त्यांना कागदच लागतो, लक्ष्मीबाई."

"च्या लागतो ना? मंग त्या पान्याचा कर नि पाज. दूध फाटंल, तोंड फाटंल, सगलं कलंल."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने हसले. पण चहातून फसवून नाही. फसवाफसवीच नको आहे. सांगून, समोर ठेवून.

गुरु. १८ मार्च

ठरलं. रेगेसरांची शेवटची बैठक सोमवारी. अकरा वाजता सगळ्यांसमोर गुण वाचणार, मग संस्थेला तार. बैठकीत पाणी द्यायचं काम माझंच असतं. सर आणि क. साहेब, दोघांपुढे दोन दोन पेले. एक देवळाच्या विहिरीचं, एक वाडीचं, पंप चालल्यानंतरचं. आधी सांगणार कुठलं कुठलं. मग म्हणणार, अहवालात ही दोन पाणी एकच आहेत, घोट घोट घेऊन बघा. सोबत लेखी : वीस बाटल्या मी भरल्या नाहीत, सही माझी चुकीची आहे. चार भरल्या, त्याच वगळल्या.

बोलायच्या ओळी तीनदा खोडल्या. "क्षमा असावी" अशी सुरुवात होती, ती काढली.

एकच राहिलंय. पाणी कुणाच्या विहिरीचं हे सांगावं लागेल. नाव नसेल तर क. साहेब एका वाक्यात उडवतील.

शनि. २० मार्च

सांडोर. आत्याला सगळं सांगितलं. ती पानवेलीची पानं पुसून लावत होती. हात थांबले नाहीत.

"माझ्या विहिरीचं पाणी पाव्हण्यापुढे ठेवणार? खारं?"

"हो."

"माझं नाव घेऊन?"

"उत्तर बरोबर असलं तरी रीत दाखवली नाही तर शून्य द्यायचीस, आत्या. तूच."

"ते पाटीवरचं. पाटी पुसता येते, नले. गावाच्या तोंडातलं पुसता येत नाही."

मी चिडून बोलले. खूप बोलले. तुझ्या पाहुणचाराने वाडी बुडणार आहे म्हणाले. त्या साहेबाला तू देवळाचं पाणी पाजलंस आणि तो आता तुझंच पाणी पळवणार आहे म्हणाले. इतकं मोठ्याने तिच्याशी आयुष्यात बोलले नव्हते. शेजारच्या वाडीतला पंप बंद झाला, ऐकायला.

आत्या उठली. पानांची टोपली आत ठेवून आली. माझ्या पिशवीतल्या बाटल्या पाहिल्या, एकीचं बूच काढून हुंगली.

"उकळल्यास?"

"उकळल्या."

"पहाटे येऊन पहिली बादली भरशील आणि तोंडघशी पडशील. ती गोडी असते. पंप दोन तास चालू दे, मग काढ."

"नाव लिहू का?"

ती आत गेली. कडी लावली नाही.

चिठ्ठी डिंक लावून बाटलीला चिकटवली आहे. गाव लिहिलं, तारीख लिहिली, विहिरीच्या मालकाची ओळ कोरी आहे. सोमवारी पहाटे पाचला तिच्या वाडीत पोचायचं, पंप सुरू करायचा, सातला पाणी काढायचं. तोवर ती बाहेर येते की नाही ते दिसेलच.

आली नाही तरी. सोमवार, २२ मार्च, अकरा वाजता.