जांभळं पान

सातपूर कॉलनी, नाशिक
रविवार, १५ डिसेंबर २००२

सौ. मंजुषास,

यादवचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडची खुशाली रंगनाथकडून कळते, तुझी तेवढी कळत नाही. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तुझा भाऊ रंगनाथच म्हणाला, "दाजी, ताई कांदे लावायला गेलीय." अगं, सायखेड्याला तुमचा कांदा किती असतो ते मला माहीत आहे. आठ दिवसांत लावून होतो. म्हणून हे पत्र.

गॅसची टाकी सोमवारी आली. तुळशीला रोज एक तांब्या पाणी घालतो, जास्त नाही, कमी नाही. काल शेजारच्या गोजराबाईंनी मेथीची भाजी आणून दिली आणि दारातच विचारलं, "वहिनींना कधी आणताय?"

मी म्हटलं, "येईल."

"येईल खरं, पण गेली कशानं ते तरी कळलंय का तुम्हाला?"

मी वाटी घेऊन आत आलो.

मला नीट कळलेलं नाही, मंजुषा. तू जाऊन बावीस दिवस झाले. भांडण झालं नाही. माहेरी आईंचं तेरावं आटोपून तू शुक्रवारी संध्याकाळी आलीस. मी चादर पलंगावर अंथरून ठेवली होती, एक सुरकुती नव्हती. तू तिच्यावरून हात फिरवलास. खालच्या कोपऱ्याशी हात थांबला. "छान झालंय," म्हणालीस, आणि शनिवारी पहिल्या एसटीने परत गेलीस. छान झालं असेल तर माणूस जाईल कशाला? आणि वाईट झालं असेल तर छान म्हणेल कशाला? दोन्हीपैकी एक काहीतरी चुकतंय.

माझी बाजू सांगतो. आपल्या लग्नातली ती पांढरी चादर सात ठिकाणी विरली होती. त्यांतल्या सहा भोकांवर तू एकेक फूल भरलंस. पण एकाला पाच पाकळ्या, दुसऱ्याला सात, एक वाटीएवढं, एक बटणाएवढं. तुला ते चालतं. मी सव्वीस वर्षं फिटर होतो, मला नाही चालत. कंपनी बंद पडल्यावर मी भरतकाम शिकलो ते कुणाला न विचारता, तुझे अभ्रे उलटे करून. दोरा कुठून शिरला, कुठून निघाला, ते उलट्या बाजूला सगळं दिसतं. आज कॉलनीतल्या तीन घरांतून फाटके टेबलक्लॉथ माझ्याकडे येतात. हे तुला मी आधीही सांगितलंय. बऱ्याचदा सांगितलंय.

तू माहेरी दुःखात होतीस. परत आल्यावर काहीतरी चांगलं दिसावं, एवढाच विचार होता. सातही फुलं उसवली. प्रत्येक भोकाखाली जुन्या धोतराचा तुकडा लावला, कडा आत दुमडल्या, भोवती काजे टाका घातला. वर आठ पाकळ्यांचं फूल, पट्टीने मोजून. हिरवं पान, दोन पदरी दोऱ्याचं. सहा फुलांबद्दल मला अजूनही काही वाटत नाही. ती आधीपेक्षा चांगलीच आहेत.

सातवं खालच्या कोपऱ्यातलं.

मागच्या दिवाळीत आई आल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना फारसं दिसत नव्हतं. "हाताला काम दे गं काही," म्हणून मागे लागल्या, तेव्हा तू त्यांना तो कोपरा दिलास. डाव्या अंगठ्याने भोक चाचपत त्या टाका घालायच्या. तू आत चकल्या तळत होतीस. मी शेजारी खुर्चीत पेपर वाचत होतो. त्यांनी विचारलं, "जावईबापू, ह्यो दोरा हिरवाच हाय ना?"

मी म्हटलं, "हो, हिरवाच."

पेपर खाली केला नाही. दोरा जांभळा होता.

तू बाहेर येऊन ते जांभळं पान पाहिलंस आणि हसत म्हणालीस, "असू दे आई, सायखेड्याला अशीच पानं असतात." आईही हसल्या. मीही हसलो. त्यांनी मला विचारलं होतं, हे ना त्यांनी सांगितलं, ना मी.

उसवताना माझ्या ते लक्षात नव्हतं, असं मी या पत्रात लिहिणार होतो. लिहिलंही होतं. तो कागद फाडला. लक्षात होतं. कात्री हातात असताना सगळं आठवलं. मी थांबलो, चहा केला, प्यायलो. मग मनात आलं, पान हिरवंच हवं. मी हिरवं म्हणालो होतो, तर आता तरी ते हिरवं होऊ दे. मी त्यांची चूक दुरुस्त करत होतो की माझी मिटवत होतो, ते तेव्हा कळलं नाही. आजही नक्की सांगता येत नाही.

तू गेल्यावर माझं सातवं फूल मी पानासकट उसवलं. आईंचे दोरे काडेपेटीत जपून ठेवले होते, पण त्यातला सगळ्यात लांब नखाएवढा आहे. सुईत राहत नाही. मेनरोडवरून तसाच दोरा आणला. तीन दुपारी बसलो. माझा हात सरळच जातो. डोळे मिटून पाहिलं, अंगठा टोचला, आणि जे झालं ते मुद्दाम वाकडं केल्यासारखं दिसलं. हे सगळं वेगळ्या चिंधीवर. चादरीला त्यानंतर सुई लावलेली नाही.

आज सकाळी कोपरा खिडकीच्या उन्हात धरला. कापडात सुईची भोकं अजून आहेत. माझी ओळीत आहेत, ती लगेच ओळखू येतात. आईंची इकडे तिकडे, एका जागी तर तीनदा टोचलंय, सापडेपर्यंत. अख्खं पान तिथे आहे, फक्त दोरा नाही. त्याच भोकांतून सुई घातली तर ते परत येईल. ती मी घालायची की तू, की तसंच राहू द्यायचं? मला ठरवता येत नाही. असं माझं होत नाही, तुला माहीत आहे.

गोजराबाई म्हणतात, कोपरा मळलाय, धुवायला टाका. पाणी लागलं की भोकं मिटतील. दोरा जांभळाच आहे, या वेळी उजेडात बघून घेतलाय.

चादर धुतलेली नाही.

यादव