साहेब आले अन् मी उभा राह्यलो

बदनापूर, बुधवार, १३ मार्च १९९६

आज जालन्याच्या दवाखान्यात अपंगाचं सर्टिफिकेट काढायला गेल्तो. बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून गवंडीकाम बंद आहे. सरकारचा निराधारचा महिन्याचा पगार त्या कागदावरच मिळणार.

बाकावर बसलो होतो. डॉक्टरसाहेब आत आले अन् मी भिंतीला धरून उभा राह्यलो. कशाला? आपल्यात मोठा माणूस आला की कुणी बसून राहत न्हाई, एवढंच. कमरेतून आग निघाली, तरी रामराम घातला.

"उभं राहता की बराबर," साहेब म्हणले, अन् तसंच लिहिलं. अपंगाचे टक्के कमी भरले. मंग पगार न्हाई. थापी घेऊन दिवसभर उभं राहता येतं का, हे कुणी इचारलं न्हाई.

बाहेर आल्यावर ही म्हणली, "बसूनच रामराम केला असता तर काय बिघडलं असतं?"

घरी येईस्तोवर पायातला जीव गेल्ता. हिनं अन् भावानं उचलून आत घेतलं. एकदा उभा राह्यलो, त्याचं हे झालं.

ही म्हणते, परत अर्ज करू, पण या वेळी उठू नका. मी हो म्हणलोय. पण साहेब आत आल्यावर बसून राहणं मला जमंल असं वाटत न्हाई.