नुसत्या नावाचा पुकारा

बाबा, सोमवारी आईचं नाव पुकारतील. त्याच व्हरांड्यात, जिथे तुम्ही कोर्टाचे शिपाई म्हणून आयुष्यभर लोकांची नावं पुकारलीत. आणि मी इथे मस्कतला क्रेनच्या सावलीत बसून लिहितोय. कागद मांडीवर आहे, अक्षर सांभाळून घ्या.

मोहने गावातली आपली चाळ पाडायला निघालेत. तोच, तेव्हाचा नगरसेवक. आता फार मोठा झालाय. चाळीतले सगळे गप्प बसले, आईने एकटीने केस टाकली. स्टे मिळालाय, पण सोमवारपर्यंतच.

तो दिवस आठवतो? मी एकोणीसचा, रिक्षा स्टँडवर मारामारी केलेली. तुम्ही माझं नाव पुकारलंत, तीनदा, बाकीच्यांचं पुकारता तसंच. जज रोज तुमच्या हातचा चहा पितात, मला वाटलं सुटलो. त्यांनी कोर्ट उठेपर्यंत मागे बसायची शिक्षा दिली. बसलोय मी. दुपारी तो नगरसेवक येतो, स्वतःच्या केसच्या तारखेला, पंधरा माणसं घेऊन. त्यातला एक तुमच्या कानाशी लागतो, "काका, नुसतं नाव नको हां, साहेब लावा." तुम्ही चष्मा पुसता आणि नुसतं नाव पुकारता. तिसऱ्यांदा तर जरा जास्तच मोठ्याने. आत जज त्याला म्हणाले, "खिशातले हात काढा." त्याने काढले, बाबा.

संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती आणि मी तणतणत होतो, "स्वतःच्या पोराला असं पुकारतात?" तुम्ही म्हणालात, "तुला गोड आवाजात पुकारलं असतं, तर त्याचं नाव कुठल्या तोंडाने नुसतं घेतलं असतं रे?" आई म्हणाली, "जेवा आता दोघं, कोर्ट उठलं."

तेव्हा डोक्यावरून गेलं. आता कळतंय, म्हणूनच भीती वाटते. चौकीत तो साहेब, पालिकेत साहेब, बॅनरवर साहेब. त्याचं नाव नुसतं घेणारी तेवढी एकच जागा उरलीय. परवा त्याच्या माणसाचा फोन आला, "भाऊ, कोर्टाचं टेन्शन नको घेऊ, वर बोलणं झालंय. जजची पण बदली होते, समजला ना? आईला समजव." थापा असतील. पण क्रेनवर चढलो तरी तेच डोक्यात. जजलाही घरदार असेल, पोरांच्या शाळा असतील. तोच घाबरला तर? आई काय पंधरा माणसं आणणार? तिच्याकडे एक पिशवी आणि त्यात घराचे कागद. ते वाचणारा कुणाला भीत नसेल, तरच त्या कागदांना अर्थ.

मी आईला म्हटलं, केस मागे घे. ती म्हणाली, "तुझे बाबा पुकारायचे तेव्हा भलेभले आत जायचे. माझं नाव आलं की मीपण जाणार. तू तुझी क्रेन बघ."

तुम्ही तर गेलात, हे पत्र टाकणार कुठे? पासपोर्टच्या पाकिटात ठेवतोय. पण आईला एक नाही सांगितलं, ते तुम्हाला सांगतो. त्या माणसाने शेवटी फोन खुद्द त्याच्याकडे दिलेला. तो एवढंच बोलला, "ऐकतोयस ना?"

खोलीत मी एकटाच होतो, बाबा. तरी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "हो, साहेब."