तेजूनं अडवलेला माल

प्रिय तेजू,

फोनवर तू "सगळं बरं हाय आबा" म्हणून मला गप्प करतेस, म्हणून कागद घेऊन बसलो. इथं मला मध्येच थांबवता येणार नाही.

आपल्या राहू गावात यंदा कांदा जोमात आहे. तू पातीवर पाणी टाकून दाखवलं होतंस, ते मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. पात मेणचट, साधं पाणी थेंब होऊन घरंगळतं. फवारणीच्या पाण्यात घालायच्या स्टिकरचे थोडे थेंब मिसळले की तेच पाणी पातीवर पसरून बसतं. याला नॉनआयोनिक म्हणतात, आपल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याशी याचं भांडण होत नाही, असं तू म्हणाली होतीस. नाव बोलायला अवघड, पण भांडणाचं लक्षात राहिलं. तुझी आई त्याच जातीच्या लिक्विडनं दुधाच्या किटल्या धुते. साबणाचा पांढरा थर बसायचा, तो आता बसत नाही. शेजारच्या गीताबाईला ऐकवते, "माझ्या पोरीच्या कंपनीचं हाय." कारखान्यातल्या लोखंडी पार्टवरचं तेल काढायलाही याचाच भाऊबंद लागतो, हे सांगताना तर ती स्वतःच केमिस्ट होते.

गेल्या आठवड्यात खत-औषधांचे दुकानदार महबूबभाई म्हणाले, "सर्जेराव, तुमच्या लेकीच्या कंपनीचा स्टिकर आलाच न्हाई." ते चौकशीला कारेगावला तुझ्या कंपनीत निघाले, मीही गाडीत बसलो. म्हटलं, तुला न कळवता भेटावं. खोलीवर तू नव्हतीस, पुण्याला गेली होतीस. तुझ्याबरोबर राहणारी, लॅबमधली सुफिया होती. तिनं चहा ठेवला, पण माझ्याकडं बघेना. मी म्हणालो, "पोरी, काय झालंय ते सांग." मग तिनं सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस.

पार्ट धुवायच्या द्रवाची टाकी, आत कातडी पोळणारं कॉस्टिक राहिलेलं. ती न धुताच त्यात स्टिकर बनवला. तू लॅबमध्ये तपासलंस आणि माल अडवलास. तुझे साहेब म्हणाले, "गाडी दारात उभी आहे, सही कर. पात करपली तर शेतकरी रोग आला म्हणेल नि गप बसेल." त्यावर तू म्हणालीस, "माझा बाप कांदा लावतो साहेब. रोग कुठला आन् पोळल्यालं कुठलं, त्याला कळतं." हे मी सुफियाला पुन्हा एकदा सांगायला लावलं. शेजारी बसलेले महबूबभाईही कान देऊन ऐकत होते.

मग साहेबांनी सुफियाला सही करायला सांगितलं, तिनंही केली नाही. गोष्ट मालकांपर्यंत गेली, पुन्हा तपासणी झाली, सगळा माल परत टाकीत ओतला, बाजारात जाऊ दिला नाही. साहेब मात्र खुर्चीवरच राहिले आणि उलट बोललीस म्हणून तुला कामावरून काढलं. सुफिया म्हणाली, तू खोलीवर येऊन आधी जेवलीस, मग रडलीस.

परतताना महबूबभाई गाडी चालवता चालवता तुझ्याबद्दल बोलत होते. तो माल आला असता तर त्यांच्या हातानं राहू-पारगावच्या कितीतरी रानांत गेला असता. आपल्याही गेला असता. लोकांनी शिव्या महबूबभाईंना घातल्या असत्या, आणि औषध मारताना मी शिंतोड्यांनी पोळलो असतो. तुला शिकायला शिरूरला ठेवलं तेव्हा भावकी विचारायची, पोरगी शिकून रानाच्या काय कामाची. आता पुन्हा कुणी तसं विचारायची वाट बघतोय.

आता लिहायला का बसलो ते सांगतो. काल रात्री तू आईला फोनवर म्हणालीस, फर्स्ट शिफ्ट आहे, लवकर झोपते. मी शेजारीच होतो. ती खूश होऊन झोपली. तिला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ही बातमी तुझी आहे. पण ती चोरून ठेवण्यासारखी नाही, तेजू. नोकरी गेली असं खालच्या आवाजात सांगू नकोस. रविवारी घरी ये, आईला समोर बसव आणि तू साहेबाला काय म्हणालीस ते जसंच्या तसं, तेवढ्याच मोठ्यानं सांग. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तुझाच,
आबा