चिंचेच्या वळणावरची शिट्टी

कडाव, ११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वनितास,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र टाकते आहे. फोनवर तू मधेच बोलतेस, मग मीही बोलते. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागेल.

काल आपली चिंधी पाहून आले. दृष्ट लागू नये म्हणून खाणीतल्या माणसांनी इंजिनाला मुलीसारखं ठेवलेलं नाव ते, आठवतं ना? खाण बंद झाल्यापासून झुडपात गंजत पडलेली, तुझा दादा चालवायचा ती चिंधी पुन्हा धावते आहे. कर्जतचे विलासराव, पोस्टातून निवृत्त झालेले, आणि गॅरेजवाले युनूसभाई अशी पाचसहा मंडळी दर रविवारी येऊन राबतात. पगार नाही, तिकीट नाही, नुसती हौस. युनूसभाईंची बायको तय्यबा म्हणाली, बाई, याने बॉयलर जोडला, पण घरातला नळ अजून गळतोय.

कोळशाचा वास नाकात गेला आणि मी जरा बसून घेतलं. बाकी ठीक आहे.

फक्त शिट्टी नाही. कुठल्या तरी कारखान्याचा भोंगा लावलाय, तो बोकडासारखा ओरडतो. म्हणून विलासराव मागेच घरी आले होते. आजी, जुनी शिट्टी आहे का, असं विचारलं. मी आत जाऊन कुकरची शिट्टी धुऊन आणून दिली. विलासराव सभ्य, हसले नाहीत. युनूसभाई त्यांच्या वाटचंही हसले.

खाण बंद होताना साहेबांनी चिंधीवरून काढून दादाला निरोपाला दिलेली ती पितळी शिट्टी त्याच्या तेराव्याला तू घेऊन गेलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. आता चिंधीसाठी देशील का?

तुझी,
गोदावहिनी


खालापूर, १६ नोव्हेंबर

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत गप्प बसून वाचलं. कुकरच्या शिट्टीवर हेही हसले. आता माझं ऐका.

शिट्टी मी देणार नाही. तुमच्याकडे दादाचं घर आहे, चष्मा आहे, रेडिओ आहे, त्याची खाट आहे. माझ्याकडे ही एकच वस्तू. दर शनिवारी चिंच लावून घासते. सून म्हणते, आत्या, किती घासाल, झिजेल ती.

आणि ती शिट्टी माझीच होती, वहिनी. चिंचेच्या वळणावर दादा दोन आखूड आणि एक लांब वाजवायचा. व, नी, धाऽव. मी परकर खोचून पळत सुटायची, मग तो मला वर उचलून घ्यायचा आणि शेडपर्यंत न्यायचा. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षीही मी पळत होते. तुम्ही स्वयंपाकघरात असायचात, तुम्हाला कुठून दिसणार?

राग मानू नये. गुडघ्याला तेल लावत जा.

आपली,
वनिता


कडाव, २० नोव्हेंबर

चि. सौ. वनितास,
अ. उ. आ.

राग नाही. पण तुझं पत्र दोनदा वाचलं. पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं शिकलेल्या बाईला एकदा वाचून खात्री होत नाही.

अगं, दोन आखूड आणि एक लांब ही माझी खूण होती. भात टाऽक. ती ऐकली की मी तांदूळ वैरायची. हे येऊन हातपाय धुवेपर्यंत भात उतरायचा. आम्ही कधी ठरवलं नव्हतं, पण मला ते पक्कं माहीत होतं. चारचौघांत बायकोशी न बोलणारा माणूस सगळ्या कडावाला ऐकू जाईल असं मला काहीतरी सांगतो, याचं मला आतून फार वाटायचं.

अजूनही मी दोघांचे तांदूळ घेते आणि मग एक मूठ परत डब्यात टाकते. दुःख म्हणशील तर तेवढंच, रोजचं.

शिट्टी तुझ्याकडेच राहू दे. पुन्हा मागणार नाही. पण चिंधीला एकदा येऊन बघ.

तुझी,
गोदावहिनी


खालापूर, २६ नोव्हेंबर

ती. स्व. वहिनीस,
सा. न. वि. वि.

एक मूठ परत टाकता हे मला कधी सांगितलं नाहीत.

रविवारी येते. शिट्टी मी स्वतः आणीन, कुणाच्या हाती देणार नाही. बसवून वाजवू द्या. आवाज दादाचा नसला तर तिथल्या तिथे काढून परत नेईन, युनूसभाईंना सांगून ठेवा.

आपली,
वनिता


कडाव, ३ डिसेंबर

चि. सौ. वनितास,
अ. उ. आ.

तू एसटीत बसलीस, त्यानंतर खाणीवरचा म्हातारा शुक्रा जे म्हणाला ते तुला सांगायचं आहे.

आधी तुझं. साठी उलटलेली बाई पदर खोचून रुळाकडेने पळताना लोकांनी पाहिली. तय्यबाने मला विचारलं, यांचं काही पडलं का? मी काय सांगणार? वळणावर शिट्टी झाली तेव्हा मीसुद्धा बाकावरून उठले होते आणि माझा हात पातेलं शोधत होता. आवाज त्यांचाच होता ना गं? शिट्टी काढायला तू पाना मागितला नाहीस, म्हणून विचारते.

तू गेल्यावर शुक्रा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याला म्हटलं, सांग बाबा, तू तर रोज इंजिनावर त्यांच्याबरोबर असायचास, ही खूण वनीची की माझी? तो पोट धरून हसला. नाय गं बाय, म्हणाला, ती म्हशींची. वळणावर चिंचेच्या सावलीत म्हशी रुळावरच बसायच्या, दोन आखूड एक लांब दिल्याबिगर उठायच्या नाय.

तर वनिता, इतकी वर्षं म्हशी उठायच्या, तू पळायचीस आणि मी भात टाकायची. तुझ्या दादाने आपल्या तिघींपैकी एकीलाही खरं सांगितलं नाही. मी शुक्राला म्हटलं, हे कुणापाशी बोलू नकोस.

विलासराव म्हणाले, शिट्टी तुमची, हवी तेव्हा काढून देऊ. मी सांगितलं, राहू दे चिंधीवर, नणंदेने तशीच सोडली आहे. दर शनिवारी चिंच लावायला मात्र कुणीतरी हवं. तू शनिवारीच मुक्कामाला येत जा. मूठ परत टाकणार नाही.

तुझी आणि म्हशींची,
गोदावहिनी