पुढची उजवी सीट

बाबा, काल मी एक गाडी चालवून पाहिली. मालकाची नाही, सरकारी नाही. शोरूममधली नवी कोरी, घेतली तर माझीच होईल अशी. तुम्ही गेलात तेव्हा अमरावतीत अशी दुकानं नव्हती. आता बडनेरा रोडवर त्यांची रांग आहे. भारी साड्या मांडतात तशा गाड्या काचेमागे दिव्याखाली मांडलेल्या असतात, आणि आत गेलं की गार हवेत आधी कॉफी विचारतात. आपल्या घरी गाडी बदलायची चर्चा दिवाळीपासून चालू होती. माझी जुनी छोटी गाडी थकली आहे; ती माझ्याआधी थकली याचंच मला नवल वाटतं. तुमचा नातू, जो तुम्हाला पाहायला मिळाला नाही, तो पुण्याला असतो. त्याचं म्हणणं ठरलेलं आहे, "बाबा, उंच गाडी घ्या, ऑटोमॅटिक घ्या, आणि ड्रायव्हर ठेवा. सत्तरीनंतर हायवेवर स्वतः कशाला चालवायची?" त्याचं चुकतं असं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. पण डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीक दिली आहे आणि मला आता दूरचे मैलाचे दगड पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतात. मी त्याला एवढंच म्हणालो, "पाहून तर येतो."

पाहायला गेलो होतो उंच गाडी. पण दारातून आत शिरल्याबरोबर कोपऱ्यात उभी असलेली दुसरीच दिसली. लांब नाक, बसका बांधा, मागं उतरत गेलेलं छत. रंग अंबाडीच्या बोंडांचा असतो तसा गडद लाल, आणि सीटवर त्याच रंगाच्या दोऱ्याची शिलाई. उभी होती तरी निघाल्यासारखी दिसत होती. शाळेत नवी कविता शिकताना पहिली ओळ वाचली की दुसरीची चाल आपोआप कानात वाजू लागायची, तसं काहीसं झालं. मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. तुमची सून कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. तिला माझा चेहरा वाचायला चष्मा लागत नाही.

"अवो, तिकडं कुठं? पोरानं सांगितलेली गाडी इकडं हाय," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं पाहून जवळ आली आणि आत डोकावली. "हे काय बाप्पा! याच्यात बसाले त पाताळात उतरा लागन. माये गुडघे पाहा अन् ही गाडी पाहा."

तिचे गुडघे हाच खरा मुद्दा होता. पोराची समजूत काढता आली असती, तिच्या गुडघ्यांची नाही. तेवढ्यात गाड्या दाखवणारी पोरगी आली. डोक्यावर नीट बांधलेला स्कार्फ, गळ्यात ओळखपत्र, आणि बोलणं अस्सल आपल्याकडचं. "काकू, पाय आधी नका टाकू. आधी सीटवर आडव्या बसा, मंग दोन्ही पाय संगच आत घ्या. माई दादी असीच बसते." तुमची सून तशी बसली. आत गेल्यावर पोरीनं एक बटण दाबलं आणि सीटमधून गार वारा यायला लागला. "अव माय! खालून वारा येऊन राह्यला!" ती दचकलीच. मग पाठ टेकून तशीच बसून राहिली. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जन्म काढलेल्या बाईला असा वारा मिळाल्यावर गुडघ्यांची तक्रार थोडी मऊ होते, हे मी तिथंच पाहिलं.

बाबा, तुम्ही असता तर पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावलं असतं. अकोल्याच्या जिनिंगच्या आवारात, सरकीच्या वासात, टिनाच्या शेडखाली मालकाची काळी गाडी उभी असायची आणि तुम्ही, तिचे ड्रायव्हर, तिच्या पोटात डोकं घालून असायचे. मी शाळेतून थेट तिथं यायचो. एकदा तुम्ही पाणी आणायला गेला होता. मी पुढच्या सीटवर चढलो, स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडानं आवाज काढत अमरावतीपर्यंत जाऊन आलो. तुम्ही कधी हात उगारला नाही. त्या दिवशीही नाही. पण दंड धरून मला खाली ओढलं, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर नेऊन बसवलं. "तुई जागा हे हाय. इथं बस अन् वाच. पुन्हा त्या चाकाले हात लावला त पाहाजो बे." त्या मागच्या सीटवर मी तुमच्या देखरेखीत कितीतरी कविता पाठ केल्या. तुम्ही पान्हा फिरवत विचारायचे, "आज कोन्ती झाली?" मी म्हणून दाखवायचो. अर्थ तुम्ही कधी विचारला नाही. मधेच मान वर करून म्हणायचे, "थांब. तिथं अडकली. मागून घे." आणि खरंच मी तिथं एखादं अक्षर गिळलेलं असायचं. पुढं शाळेत गुरुजींनी यमाताराजभानसलगा शिकवलं, लघु-गुरू मोजायला लावले, तेव्हा वर्गात सगळे जांभया देत होते आणि मला मात्र ते इंजिनाच्या ठोक्यासारखं सोपं वाटलं.

तुमचं म्हणणं मी पाळलं. शिकलो, बांधकाम खात्यात लागलो, रस्ते मोजले, रस्ते केले. पण ते सगळे दुसऱ्याने चालवलेल्या जीपमधून पाहिले. आठवतं का, एकदा मूर्तिजापूरजवळ काम चालू होतं आणि तुम्ही मुद्दाम एसटीने मला पाहायला आले होते. मी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून येत होतो. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे. मला वाटलं हात दाखवताहेत. तुम्ही हाताने खूण करत होते, मागं बस. साहेब मागं बसतो. मी जीप थांबवून, ड्रायव्हर हसत असताना, उतरलो आणि मागं जाऊन बसलो. तेव्हा तुमचा चेहरा जसा उजळला, तसा मी नंतर कधी पाहिला नाही. माझी छोटी गाडी मी तुम्ही गेल्यावरच घेतली, आणि चालवायला त्याच्यानंतरच शिकलो.

तर काल. पोरगी म्हणाली, "काकाजी, चालवूनच पाहा ना. पाह्याले काय लागते?" तिनं उंच ऑटोमॅटिक आधी पुढं केली होती; मी म्हणालो, हीच, आणि हाताच्या गिअरची. ती माझ्या शेजारी बसली, तुमची सून मागं, आडवी बसून मग पाय आत घेत. मी सीट पुढं ओढली, आरसे लावले. गिअरचा दांडा आखूड, मुठीत बसणारा. एका घरातून दुसऱ्या घरात असा जातो की मनगट पुरतं, खांदा लागत नाही. बटण दाबून इंजिन सुरू झालं तेव्हा मला वाटलं सुरूच झालं नाही. बडनेऱ्याच्या रेल्वेपुलाच्या चढावर मी ॲक्सिलरेटरवर थोडा भार दिला आणि पाठ सीटला टेकली. जोर कुठून आला ते कळलं नाही. चढ सपाट झाल्यासारखी गाडी वर गेली. मागून आवाज आला, "हळू ना जी! पूल कुठं पळून चालला का?"

पुलाच्या माथ्यावरून उतार लागला, आणि माझ्या डाव्या हाताने मला न विचारता गाडी न्यूट्रलला टाकली.

"काकाजी! हे काहून केलं?"

"उतार हाय ना. पेट्रोल वाचते," मी म्हणालो.

पोरगी हसायला लागली. "माये अब्बा बी असंच करतात ट्रकवर. किती सांगा, ऐकतच नाई. काकाजी, या गाडीत गिअर राहू देऊन पाय उचलला का उतारावर इंजिनाले पेट्रोल जातच नाई. न्यूट्रल केली त उलट जाते. अन् गाडी हातात बी राह्यत नाई."

"मामाजीची सवय होय ते," तुमची सून मागून तुमच्याबद्दल म्हणाली. "उतार दिसला का सोडून द्याची."

मी पुन्हा गिअर टाकला. पण तेवढ्या वेळात मी चिखलदऱ्याला जाऊन आलो होतो. मालकाच्या घरच्यांना तिथं बंगल्यावर सोडून आपण दोघं रिकाम्या गाडीनं उतरलो, तो दिवस. घाट सुरू झाला तसं तुम्ही इंजिनच बंद केलं. नुसते टायर वाजत होते आणि खिडकीतून सागाच्या पानांचा वास येत होता. "म्हन आता," तुम्ही म्हणाले, आणि मी त्या वर्षीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता एकामागून एक म्हणत गेलो. प्रत्येक वळणावर तुम्ही ब्रेक हलकेच दाबायचे, जणू चरण संपला. बाबा, ते आता कोणी करू नये असं आहे, ब्रेक तापून गेले असते तर काय झालं असतं हे मला आज कळतं. तरी इतकी सुंदर कविता मी पुन्हा म्हटली नाही. आणि तेव्हाही, गाडी रिकामी, तुमच्या शेजारची सीट रिकामी, तरी मी मागंच बसलो होतो. तुम्हीच बसवलं होतं.

अकोल्याच्या हायवेला लागल्यावर एके ठिकाणी मी, आपल्या सगळ्यांच्या सवयीप्रमाणे, पांढऱ्या पट्ट्यावरूनच चाललो होतो. स्टेअरिंग माझ्या हातात किंचित वळलं आणि टूं टूं आवाज आला. पोरगी म्हणाली, "पट्टा सोडला का गाडी स्वतः सांगते." तुमची सून खूश. "बरं झालं बाई. इतके वर्सं मी एकटीच सांगून राह्यली होती." पुढच्या वळणावरून आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर तिने चहा ठेवला आणि मी सांगून टाकलं. ही गाडी घेणार. हाताच्या गिअरची, आणि ड्रायव्हर ठेवणार नाही. अंधार पडल्यावर चालवणार नाही, दरवर्षी डोळे तपासीन, आणि ज्या दिवशी मला स्वतःला वाटेल त्या दिवशी चावी कोणी न मागता टेबलावर ठेवीन. पण तो दिवस दुसऱ्यांनी ठरवायचा नाही. ती साखर ढवळत राहिली. "अन् माये गुडघे?" मी म्हणालो, "तू नाही म्हणालीस तर नाही." हे मी खरंच म्हणालो, बाबा. तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "आडवं बसून पाय आत घ्याचे. जमलं ना मले दोनदा. वारा चांगला येते त्या सीटमंधी."

मग तिनेच पुण्याला फोन लावला. पोरगा अपेक्षेप्रमाणे तापला. खाली टेकणारी गाडी, स्पीडब्रेकर, वय, हायवेवरचे ट्रक, सगळं निघालं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अरे, तुया आजोबानं जनमभर दुसऱ्याची गाडी हाकली. सोताच्या गाडीच्या चाकाले त्याइचा हात नाई लागला. तुया बाबाले ही गाडी त्याइच्यासाठी घ्याची हाय. तू आडवा नको येऊ." मग माझा मुलगा, जो सहसा असं बोलत नाही, म्हणाला, "बाबा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? घ्या. आजोबांसाठी घ्या." मी म्हणालो, "हो रे."

सोमवारी जाऊन गाडी बुक करतो आहे. रंग तोच, अंबाडीचा.

आणि हे पत्र मी लिहायला बसलो ते त्या "हो रे"साठी. मी आठवणींवर जगणारा माणूस आहे, तुम्हाला माहीत आहे. दूध तापत असलं तरी मला काहीतरी आठवतं, रस्त्यावरून चालताना ओठांवर कुठली तरी जुनी ओळ असतेच. पण काल परत येताना हायवे मोकळा मिळाला, उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूंनी तुरीची शेतं मागं पळत होती, मी सहावा गिअर टाकला, आणि पुलापर्यंत मला काही म्हणजे काही आठवलं नाही. एक कविता नाही, अकोला नाही, तुम्ही नाही. नुसता रस्ता होता, माझे हात होते आणि गाडी मी म्हणेन तिकडे जात होती. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. ही गाडी मी तुमच्यासाठी घेत नाही, बाबा. माझ्यासाठी घेतो आहे. मुलाला हे सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, तेवढं पुरे.